शेखाडी ते हरिहरेश्वर: दहशतवादाचा धोका देश कमी कसा करतो

१९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्रीच्या अंधारात होड्यांतून आरडीएक्स उतरलं आणि ट्रकमधून मुंबईकडे गेलं. वाटेत ते अडवू शकतील अशी माणसं होती. कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काहींनी पैसे घेऊन माल पुढे जाऊ दिला, हे नंतर टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयात सिद्ध झालं. १२ मार्चला शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, प्लाझा सिनेमा असे एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं गेली आणि सातशेहून जास्त जखमी झाली.

त्यानंतर लगेच महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ नावाने संयुक्त गस्त सुरू झाली. म्हणजे हल्ला समुद्रातून येऊ शकतो हे सरकारला १९९३ मध्येच कळलं होतं. तरी पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, लष्कर-ए-तैयबाचे दहा जण कराचीहून त्याच अरबी समुद्रातून आले. त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली, खलाशांना मारलं, मुंबईजवळ पोचल्यावर तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या कप्तानालाही, मारलं आणि रबरी होडीतून कफ परेडच्या बधवार पार्कपाशी मच्छीमार वस्तीत ते उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलंही होतं. पुढचे तीन दिवस सगळ्या देशाने पाहिले. १६६ जणांचा जीव गेला.

या हल्ल्याला मुंबई पोलिसांनी दिलेल्या प्रतिसादाची तपासणी करायला महाराष्ट्र सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समितीने नोंदवलेली एक गोष्ट माझ्या मते या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. केंद्रीय यंत्रणांकडून धोक्याच्या सूचना आधीच्या काळात वेळोवेळी आल्या होत्या. त्यांत समुद्रमार्गाचा उल्लेख होता, मोठ्या हॉटेलांचाही होता. पण या सुट्या सुट्या सूचना एकत्र ठेवून त्यांचा अर्थ लावायचा, त्यातून कोणी काय करायचं ते ठरवायचं आणि ते झालं की नाही हे पाहायचं, अशी घट्ट व्यवस्था नव्हती.

धाडस कुठेही कमी पडलं नव्हतं. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमधून न हलता लाउडस्पीकरवरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर काढत राहिले. कमी पडली ती आधीपासून ठरलेली व्यवस्था, जी एका खात्याकडची माहिती दुसऱ्या खात्याच्या कृतीत उतरवते. देशाची दहशतवादविरोधी रणनीती म्हणजे मुख्यतः ही व्यवस्था. बंदुका, कॅमेरे, कमांडो हे त्यातले भाग आहेत, पण ते एकमेकांना जोडलेले नसतील तर ऐन वेळी प्रत्येक जण आपापल्या जागी शूरपणे लढतो आणि तरी हल्ला थोपवता येत नाही.

धोका मोजायचा कसा

‘दहशतवाद संपवू’ हे वाक्य भाषणात ठीक असतं. रणनीती लिहायला बसलेल्या माणसाला ते वापरता येत नाही, कारण त्यातून काम निघत नाही. त्याला धोका कमी करायचा असतो, आणि कमी करायचा तर आधी तो सुटा करून पाहावा लागतो.

धोक्याचे तीन भाग असतात. पहिला भाग हल्ला करू पाहणाऱ्याचा: त्याला काय हवंय, त्याच्याकडे माणसं, पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण किती आहे. दुसरा आपल्या उघड्या बाजूंचा: कुठून आत येता येतं, कुठे गर्दी आहे, कुठे पहारा ढिला आहे. तिसरा परिणामांचा: हल्ला झालाच तर किती माणसं सापडतील, काय बंद पडेल, सावरायला किती वेळ लागेल. यातला कोणताही एक भाग कमी झाला तरी एकूण धोका उतरतो. हे लक्षात आलं की बरीच मोकळीक मिळते. हल्लेखोराच्या मनावर आपला ताबा नसतो, पण जखमीला दहा मिनिटांत रक्त मिळेल की दोन तासांत, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

मुंबईच्या लोकलचंच घ्या. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मेले. मग प्रत्येक स्थानकावर विमानतळासारखी तपासणी का लावत नाही, असं तेव्हा अनेकांनी विचारलं होतं. रोज लाखो माणसं चढतात-उतरतात तिथे तशी तपासणी लावली तर दादरच्या पुलावर रांगा लागतील, आणि ती रांग हेच नवं लक्ष्य होईल. म्हणून लोकलच्या बाबतीत उत्तर वेगळं निघतं. हल्ल्याचा कट आधीच पकडणं, बेवारस वस्तूवर कर्मचाऱ्यांची सवयीने पडणारी नजर, बाहेर पडायचे रुंद आणि मोकळे मार्ग, जवळच्या रुग्णालयाची तयारी. प्रत्येक ठिकाणी सगळंच लावता येत नाही. कुठे काय लावायचं आणि कुठे काय मुद्दाम लावायचं नाही, हे ठरवणं हाच रणनीतीचा अर्धा भाग आहे.

ब्रिटनने कागदावर काय लिहिलं

हे सगळं एका जागी मांडण्याचं सर्वांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण ब्रिटनचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर तिथल्या मंत्रिमंडळ कार्यालयात डेव्हिड ओमंड यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये ‘कॉन्टेस्ट’ नावाची रणनीती तयार झाली. ती सुरुवातीला गोपनीय होती. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये झालेल्या स्फोटांत ५२ जण मेले आणि पुढच्या वर्षी ती लोकांसमोर ठेवली गेली. २००९, २०११, २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या आल्या. सरकारं बदलली, पंतप्रधान बदलले, पण सांगाडा तोच राहिला.

तिचं उद्दिष्ट वाचण्यासारखं आहे. दहशतवादाचा धोका इतका कमी करायचा की लोकांना मोकळेपणाने आणि विश्वासाने आपलं रोजचं जगणं जगता यावं. शत्रूचा नायनाट हे तिथे मुख्य माप नाही. माणसं निर्धास्तपणे बाजारात, शाळेत, देवळात, मशिदीत जाऊ शकतात का, हे माप आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण या मापाने पाहिलं की नागरिकांनाच घाबरवणारी सुरक्षा ही हार ठरते.

या उद्दिष्टाखाली चार कामं लिहिली आहेत: कट रचणाऱ्यांचा माग काढून त्यांना पकडणं, नवी माणसं त्या वाटेला लागू न देणं, हल्ल्याच्या संभाव्य जागा भक्कम करणं, आणि हल्ला झालाच तर त्याची झळ कमी करण्याची तयारी ठेवणं. प्रत्येक कामाची जबाबदारी कोणत्या खात्याकडे, तेही लिहिलेलं. शिवाय सर्व गुप्तचर यंत्रणांची माणसं एका छताखाली बसवून धोक्याचा एकच अंदाज काढणारं केंद्र २००३ मध्ये उभं केलं. २००६ पासून हा अंदाज पाच पातळ्यांमध्ये जाहीरही केला जातो.

भारतात हेच घटक एका आराखड्यातून न येता एकेका आघातानंतर येत गेले. कारगिलनंतर, २००१ मध्ये, गुप्तचर विभागात ‘मल्टी एजन्सी सेंटर’ म्हणजे मॅक सुरू झालं, यंत्रणांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून. २६/११ नंतर त्याला खरे अधिकार मिळाले आणि राज्यांमध्ये त्याच्या शाखा निघाल्या. राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एनआयए, डिसेंबर २००८ च्या कायद्याने जन्मली. त्याच महिन्यात यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला. वेगवेगळ्या सरकारी नोंदी जोडणारं नॅटग्रिड त्यानंतर आखलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिल्लीतल्या दहशतवादविरोधी परिषदेत राष्ट्रीय धोरण आणि रणनीती आणण्याचं जाहीर केलं.

इथे एक अडचण आहे जी ब्रिटनला आपल्याइतकी जाणवत नाही. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे आहेत. गस्तीवरचा शिपाई राज्याचा, पण परदेशातून येणारी खबर केंद्राकडे. २०१२ च्या फेब्रुवारीत केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा आदेश काढला. ते गुप्तचर विभागाच्या आत असणार होतं आणि त्याला अटक व झडतीचे अधिकार मिळणार होते. वेगवेगळ्या पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि ते बारगळलं. तेव्हा अनेकांनी याला राज्यांचा हटवादीपणा म्हटलं. मला राज्यांचा आक्षेप रास्त वाटतो: जी संस्था गुप्तपणे माहिती जमवते तिलाच अटकेचा अधिकार दिला तर तिला जाब विचारणार कोण? पण आक्षेप रास्त म्हणून गरज संपली नाही. सगळी माहिती एका टेबलावर आणून देशाचा एकच अंदाज काढणारी संस्था हवीच, आणि अटकेच्या अधिकारांशिवायही ती उभी राहू शकते. ब्रिटनचं केंद्र तसंच आहे.

पकडणं सोपं, सिद्ध करणं अवघड

स्फोटानंतर पहिली मागणी अटकेची असते. तपास अधिकाऱ्यावर दिवसागणिक दबाव वाढतो. आणि इथेच रणनीतीचं सर्वांत मोठं नुकसान होऊ शकतं.

२००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकारी पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला असं न्यायालयाने म्हटलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेल्या मुस्लिम तरुणांना वर्षानुवर्षांनंतर, २०१६ मध्ये, आरोपांतून मुक्त केलं गेलं. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटात सहा जण मेले होते. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी सुटले.

या निकालांवर आपापल्या बाजूने आनंद किंवा संताप व्यक्त झाला. लोकलमध्ये आपलं माणूस गमावलेल्या कुटुंबाच्या जागी उभं राहून पाहिलं तर मात्र एकच गोष्ट दिसते. निकालापर्यंत १९ वर्षं गेली, आणि ते कोणी केलं याचं टिकेल असं उत्तर आपल्याकडे नाही. ज्यांनी केलं ते त्या दिवशी पकडलेच गेले नसतील तर ते बाहेर होते, आणि त्यांचा शोध घेणंही थांबलं होतं. निरपराध माणसाची वर्षं तुरुंगात गेली असतील तर तो अन्याय, आणि त्याच्या वस्तीत पोलिसांशी बोलणारी माणसं कमी झाली हा त्या अन्यायाचा पुढचा परिणाम. पुढच्या कटाची खबर ज्या वस्तीतून यायची ती वस्तीच गप्प बसते. चुकीचा तपास ही म्हणून केवळ न्यायाची बाब राहत नाही, ती सुरक्षेचीही बाब असते.

याउलट कसाबचा खटला पाहा. सगळ्या जगाने त्याला बंदूक घेऊन फिरताना पाहिलं होतं. तरीही त्याला वकील दिला, साक्षी-पुरावे झाले, सीसीटीव्हीचं चित्रण, कराचीत बसलेल्या सूत्रधारांचे टिपलेले फोन, होडीच्या इंजिनाचा माग, डीएनए, सगळं न्यायालयात तपासलं गेलं. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय सहआरोपींवरचे आरोप सिद्ध झाले नाहीत, म्हणून ते सुटले, आणि ती सुटका वरच्या न्यायालयांतही टिकली. संतापाच्या त्या काळात हे करून दाखवणं सोपं नव्हतं. त्या पुराव्यांच्या बळावर भारत पुढे परदेशात बोलू शकला. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेने ३५ वर्षांची शिक्षा दिली, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला मदत केल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा भारताच्या ताब्यात आला.

पैशाचा मागही याच कामात येतो. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात दहशतवादाला मिळणाऱ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने पाकिस्तानला करड्या, म्हणजे जादा देखरेखीच्या, यादीत ठेवलं होतं. त्या दबावाखालीच तिथल्या न्यायालयात लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईदला दहशतवादासाठी पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा झाली. बँकेचे नियम आणि परिषदांचे अहवाल कंटाळवाणे असतात, म्हणून त्यांच्या बातम्या होत नाहीत.

किनारा

महाराष्ट्राच्या दृष्टीने या सगळ्यात जिवंत भाग समुद्राचा आहे. आपला किनारा सातशे किलोमीटरहून लांब. खाड्या, खडक, कांदळवन, छोटी बंदरं, आणि कोणत्याही रात्री पाण्यावर असलेल्या हजारो होड्या. यात एक परकी होडी ओळखायची कशी?

२००८ पर्यंत उथळ पाण्यात पोलीस, पुढे तटरक्षक दल, खोल समुद्रात नौदल, आणि जोडीला कस्टम, मत्स्यव्यवसाय खातं, बंदर प्रशासन अशी सगळ्यांची थोडी थोडी जबाबदारी होती. अनेकांकडे थोडी थोडी असते तेव्हा ती कोणाचीच नसते. २००९ मध्ये हे बदललं. एकूण सागरी सुरक्षा नौदलाकडे आली, किनाऱ्यालगतच्या हद्दीत समन्वय तटरक्षक दलाकडे, उथळ पाणी सागरी पोलिसांकडे. मुंबईसह चार ठिकाणी नौदल, तटरक्षक दल आणि इतर खाती एकत्र बसतील अशी संयुक्त केंद्रं उघडली. किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, होड्यांना राज्यानुसार रंग ठरले. २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी तटरक्षक दलावर अहवाल दिला आणि नौका, ठाणी, मनुष्यबळ यांच्या तुटीवर बोट ठेवलं. असे अहवाल सरकारला अडचणीचे वाटतात, पण त्यांच्याशिवाय कागदावरची नौका आणि पाण्यावरची नौका यांतला फरक कळत नाही.

मोठ्या जहाजांवर आपली ओळख आणि जागा सतत सांगणारं यंत्र असतं. छोट्या मासेमारी होडीवर ते नव्हतं. अशा एक लाख होड्यांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झाली. ‘कुबेर’नंतर सोळा वर्षांनी. ही योजना चांगली आहे, कारण ती मच्छीमारालाही हवी आहे: वादळाची सूचना मिळते, संकटात आपली जागा कळवता येते, चुकून सागरी सीमा ओलांडण्यापासून वाचता येतं. सुरक्षेचं जे काम लोकांच्या स्वतःच्याही उपयोगाचं असतं ते टिकतं. मच्छीमाराकडून फक्त ओळखपत्र मागायचं आणि त्याला काहीच द्यायचं नाही, असं असलं की ओळखपत्र घरी पेटीत राहतं.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक सुनी बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली. तालुका श्रीवर्धन, म्हणजे शेखाडीचाच. राज्यभर सावधगिरीचा इशारा गेला. त्याच दिवशी विधानसभेत तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कळलेली माहिती सांगितली: बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडलेली, माणसांची दुसऱ्या जहाजाने सुटका केलेली, नौका भरकटत इथवर आलेली; दहशतवादी कटाचा संबंध दिसत नाही.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय मागे पडला. पण सुरक्षेच्या नजरेने पाहिलं तर ही फुकटात मिळालेली चाचणी होती. रायफली असलेली एक नौका आपल्या किनाऱ्याला लागली आणि ती दिसली ती किनाऱ्यावरच्या लोकांना. यातली चांगली बाजू ही की लोकांनी पाहिलं आणि लगेच कळवलं, आणि सरकारने काही तासांत अफवांना जागा न देता खरं काय ते सांगितलं. दुसरी बाजू ही की इतके थर उभे करूनही शेवटची नजर बिनपगारी माणसाचीच ठरली. कोकणात ‘सागर रक्षक दल’ म्हणून गावकरी आणि मच्छीमारांचे गट आहेत. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक बंदरांवर लिहिलेले असतात. माझं म्हणणं असं की या माणसांना रणनीतीच्या शेवटच्या पानावर ‘लोकसहभाग’ या मथळ्याखाली ठेवू नये. २००८ मध्ये बधवार पार्कला आणि २०२२ मध्ये हरिहरेश्वरला सर्वांत आधी पाहणारे तेच होते.

हल्ला झाल्यानंतरचा पहिला तास

२६/११ च्या रात्री एनएसजी या केंद्राच्या विशेष दलाचे कमांडो हरियाणातल्या मानेसरहून निघून मुंबईत कारवाईला लागेपर्यंत सकाळ झाली होती. तोवर ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये माणसं अडकून होती. त्यानंतर मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथे एनएसजीची केंद्रं निघाली, महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारलं. हे आवश्यकच होतं. पण कमांडो कितीही जवळ असला तरी पहिली काही मिनिटं ठाण्यातला हवालदार, स्टेशनमास्तर, हॉटेलचा वाढपी आणि रुग्णालयातली परिचारिका यांची असतात. कामा रुग्णालयात त्या रात्री परिचारिकांनी दारं लावून, दिवे घालवून रुग्णांना वाचवलं. त्यांना तसं करायचं प्रशिक्षण कोणी दिलेलं नव्हतं.

टीव्हीचाही धडा त्या रात्रीचाच. कारवाईचं थेट चित्रण कराचीतले सूत्रधार पाहत होते आणि आत असलेल्यांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने यावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच दाखवायचं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे हा नियम वाहिन्यांपुरता ठेवून भागत नाही.

तयारी कागदावर असून उपयोग नसतो, याचं कठोर उदाहरण ब्रिटनमध्येच घडलं. २२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात गाण्याच्या कार्यक्रमानंतर स्फोट झाला, २२ जण मेले. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांनी एकत्र कसं काम करायचं याची पद्धत ठरलेली होती. तरी अग्निशमन दल दोन तासांहून जास्त वेळ घटनास्थळी पोचलंच नाही, कारण खात्याखात्यांत निरोपच नीट गेले नाहीत. चौकशीत हे सगळं उघड मांडलं गेलं. वेळेवर मदत मिळती तर एक जखमी बहुधा वाचला असता असंही त्यात म्हटलं. त्या हल्ल्यात मुलगा गमावलेल्या एका आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये कायदा झाला: दोनशे किंवा जास्त माणसं जमतात अशा सार्वजनिक जागांच्या चालकांनी हल्ला झाल्यास काय करायचं हे ठरवून ठेवलंच पाहिजे. आपल्याकडची मंगल कार्यालयं, मॉल, जत्रा, गणेश मंडपांच्या रांगा डोळ्यांसमोर आणल्या की असं काहीतरी किती गरजेचं आहे ते कळतं.

त्या वाटेला कोणी जाऊच नये म्हणून

चार कामांपैकी हे सर्वांत नाजूक. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिस या दहशतवादी संघटनेत सामील व्हायला इराकला गेले. त्यानंतर महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने इंटरनेटवरून त्या प्रचाराकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांसाठी समुपदेशनाची वाट उघडली: गुन्हा घडलेला नसेल तर आई-वडील आणि समाजातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन मुलाशी बोलायचं, शिक्षण-कामाकडे वळवायचं. अठरा वर्षांच्या मुलाला तुरुंगात टाकण्याआधी त्याच्या आईला बोलावणं हे मला शहाणपणाचं वाटतं.

पण ब्रिटनने हीच गोष्ट कायद्याने करायला घेतली तेव्हा काय झालं तेही पाहायला हवं. २०१५ पासून तिथे शाळा, रुग्णालयं, स्थानिक प्रशासन यांच्यावर माणसं दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याकडे लक्ष देण्याची कायदेशीर जबाबदारी आली, आणि शिक्षक-डॉक्टर संशयास्पद वाटणाऱ्या मुलांची माहिती कळवू लागले. शिक्षक खबऱ्या झाला, अशी भावना मुस्लिम पालकांत पसरली. ज्यांच्या सहकार्यावर योजना उभी होती त्यांचाच विश्वास कमी झाला. मदत आणि पाळत एकाच माणसाच्या हातात दिली की मदत मागायला कोणी येत नाही. आणि कोणत्याही एका धर्माच्या मुलांपुरतं हे काम ठेवलं तर ते अर्धवट राहतं, कारण द्वेषाची भरती करणारे सगळ्या बाजूंना आहेत.

पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ ला २६ जणांना मारलं गेलं. त्यात सहा जण महाराष्ट्राचे होते. पर्यटकांना धर्म विचारून मारण्यामागे आपण एकमेकांवर धावून जावं हा हेतू होता. देशभरात काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या तेव्हा तो हेतू थोडा का होईना साधला जात होता. मारले गेलेल्यांपैकी काहींच्या घरच्यांनीच द्वेष पसरवू नका असं सांगितलं, आणि या कामासाठी सरकारच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा ते जास्त मोलाचं होतं.

झालं की नाही, हे कोण पाहणार

न घडलेला हल्ला मोजता येत नाही. त्यामुळे ‘हल्ला झाला नाही म्हणजे आमची रणनीती यशस्वी’ असं कोणतंही सरकार म्हणू शकतं. मोजता येतं ते काम. सूचना मिळाल्यापासून ठाण्यापर्यंत पोचायला किती तास लागले. किती गस्ती नौका चालू स्थितीत आहेत आणि त्यांना इंधन किती मिळतं. यूएपीएखाली किती जणांना धरलं आणि त्यांपैकी किती जणांवरचा आरोप न्यायालयात टिकला. किती रुग्णालयांनी सामूहिक अपघाताचा सराव केला. ब्रिटनमध्ये दहशतवादविषयक कायद्यांचा वापर तपासणारा स्वतंत्र परीक्षक असतो, त्याला गोपनीय कागद पाहता येतात आणि त्याचा अहवाल संसदेत जातो. आपल्याकडे संसदेची गृह खात्याची समिती आणि महालेखापरीक्षक आहेत, पण दहशतवादविरोधी कायद्यांसाठी असा नेमलेला माणूस नाही. तो असावा.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर एक मागणी आजही करता येते. ‘सागर कवच’ नावाचा सराव आपल्या किनाऱ्यावर नियमित होतो. त्यात एक गट हल्लेखोर बनून होड्यांतून शिरायचा प्रयत्न करतो आणि दुसरा त्याला पकडतो. दर सरावात किती होड्या पकडल्या, किती आत शिरल्या, आणि गेल्या खेपेला जिथून शिरल्या तिथूनच पुन्हा शिरल्या का, ही माहिती जागांची नावं गाळून गृह खात्याने दर वर्षी विधिमंडळासमोर ठेवावी. सोबत सागर रक्षक दलाच्या सदस्यांना त्या वर्षी किती वेळा बोलावलं आणि त्यांच्या किती खबरांवर कारवाई झाली, तेही सांगावं.